त्रेचाळीसशेचं काही कमी करा

माझ्या गाडीचे हेडलाइट रस्ता दाखवायचे नाहीत. पुढे रस्ता असावा, असा नुसता संशय निर्माण करायचे. गाडीचं नाव सांगत नाही. बारा वर्षं तिने मला सांभाळून घेतलंय, चारचौघांत तिचं उणंदुणं काढणं बरं नाही.

गेल्या जुलैत माणगावहून पुण्याला येताना ताम्हिणीत अंधारून आलं. पाऊस, धुकं आणि पुढे देवाने पाठवल्यासारखी एक एसटी. तिचे लाल दिवे धरून मी अख्खा घाट चढलो. ती वळली की मी वळायचो, ती थांबली की मी थांबायचो. तिसऱ्या थांब्यावर कंडक्टर खाली उतरून काचेशी आला आणि म्हणाला, “साहेब, कुणाला घ्यायला आलाय का?”

हा किस्सा बायकोने माहेरी सांगितला. मेहुणा लगेच म्हणाला, “दाजी, हॅलोजनचा जमाना गेला. झेनॉन टाका. दिवस उगवल्यासारखं वाटतं.” मेहुण्याकडे स्वतःची गाडी नाही, त्यामुळे गाड्यांबद्दलची त्याची मतं अतिशय ठाम आहेत.

रविवारी आम्ही दोघं नाना पेठेत गेलो. दुकानातला पोरगा म्हणाला, “काका, कितीचे टाकू? सहा हजार का आठ हजार?”

‘काका’ गिळायला वेळ लागला, आकडे गिळता येईनात. मी विचारलं, “त्याच्याखाली काही नाही का?”

“आहे ना. त्रेचाळीसशे.”

“चार हजारात करा.”

पोरगा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. “काका, तो कलर आहे.”

तर ते आकडे केल्व्हिन होते, म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप. त्रेचाळीसशे म्हणजे पांढरा, सहा हजार म्हणजे निळसर, आठ हजार म्हणजे जवळजवळ जांभळा. किंमत सगळ्यांची सारखीच, बावीसशे. आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड जास्त, असं मी धरून चाललो होतो. खरं म्हणजे आकडा चढतो तसा निळेपणा चढतो आणि डोळ्याच्या कामाचा उजेड उलट उतरतो. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी तीन साड्यांतून बायको निवडते तशी मधली निवड केली. सहा हजार.

“ब्लास्ट बॅटरीजवळ बसवतो,” पोरगा म्हणाला. मी दोन पावलं मागे सरलो. बल्बला वीज पुरवणाऱ्या डबीचं नाव बॅलास्ट. तिला बाजारात ब्लास्ट म्हणतात, आणि त्यात फार चूक नाही. या बल्बला तार नसते. दोन टोकांच्या मधल्या वायूतून ठिणगी पाडायची, तर सुरुवातीला वीस हजार व्होल्टच्या वर तडाखा द्यावा लागतो. एकदा पेटला की मग पंच्याऐंशीच्या आसपास निवांत संसार. आमच्या घरातली भांडणंही साधारण याच बेताने चालतात.

झेनॉन हा शब्द ग्रीक आहे. अर्थ परका, पाहुणा. 1898 साली लंडनमध्ये रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स यांना हा वायू सापडला. हवेच्या एक कोटी भागांत तो जेमतेम एक भाग असतो. गंमत म्हणजे या दिव्यांत झेनॉन मुख्यतः चटकन पेटवापेटवी करायला असतो. खरा प्रकाश देतात ते आतले धातूंचे क्षार. राबणारे वेगळे आणि पत्रिकेत नाव पाहुण्याचं, एवढं झेनॉनचं कर्तृत्व.

रात्री पहिली चक्कर मारली. बटण दाबलं, दोन्ही दिवे आधी जांभळट झाले, मग हळूहळू निळे-पांढरे. रेडिओ खरखरायला लागला. आणि खरोखर दिवस उगवला! फक्त तो रस्त्यावर उगवला नाही. झाडांचे शेंडे दिसू लागले. तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेली धोतरं दिसू लागली. लांबच्या होर्डिंगवरच्या पुढाऱ्यांच्या फोटोतले खालच्या रांगेतले कार्यकर्तेसुद्धा ओळखू येत होते. गाडीच्या नाकासमोरचे दहा फूट लग्नाच्या मांडवासारखे उजळलेले, त्यामुळे त्यापुढचं सगळं आणखीच काळं. खड्डा मला दिसायचा, पण आत उतरल्यावर.

यामागचं शास्त्र असं. माझ्या गाडीतल्या हॅलोजन बल्बात दोन तारा असतात, एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी असते. उजेड वर जाऊ नये म्हणून ती खालून झाकून ठेवते. बल्बमागचा चकचकीत आरसा त्या तारेच्या मापाने घडवलेला. तिथे आपण भलताच बल्ब बसवला, की तिप्पट उजेड वाट फुटेल तिकडे पळतो. 1991 साली बीएमडब्ल्यूने सेव्हन सीरिजमध्ये झेनॉन आणले, तेव्हा त्यांच्यासाठी हेडलाइटच वेगळा केला होता. आम्ही बावीसशे रुपयांत नुसता बल्ब केला.

समोरून येणारा प्रत्येक जण मला अप्पर मारू लागला. त्याला वाटे मी अप्परवर आहे. मी डिपरवर आहे हे दाखवायला मी अप्पर मारून परत डिपर करायचो, मग तो चिडून आणखी अप्पर मारायचा. दोघेही आंधळे होऊन एकमेकांच्या शेजारून जायचो. अप्परसाठी आतला बल्ब लोहचुंबकाने ‘खट्’ करून सरकतो. आठवड्याभरात उजवा बल्ब सरकला तो परत आलाच नाही.

शेवटी पौड रस्त्यावर नाकाबंदीत हवालदाराने हात केला.

“लग्नाला निघालात?”

“नाही हो, घरी.”

“मग वरातीच्या लाइटी कशाला लावल्यात?”

पावती झाली. वर त्याने काळी चिकटपट्टी दिली आणि दोन्ही काचांचा वरचा अर्धा भाग माझ्याकडून झाकून घेतला. मला वडिलांची स्कूटर आठवली. तेव्हा हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या भागावर काळा रंग असायचा. वडील दर दिवाळीला तो ब्रशने नवा करायचे. चाळीस वर्षांनी मी बावीसशे खर्चून त्याच हेडलाइटपर्यंत पोचलो होतो.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या म्हाताऱ्या वायरमनकडे गेलो. त्याने चिकटपट्टी सोलली आणि काचेवरून बोट फिरवलं. “काच बघितली का कधी? हळदीच्या दुधासारखी झालीय.” प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडते, हे नाना पेठेत कुणी बोललं नव्हतं. त्याने पॉलिश पेपर पाण्यात भिजवून काच घासली. मग बल्बपाशी मीटर लावला. बारीक वायरी आणि जुनं बटण यांतून येईपर्यंत व्होल्टेज दमत होतं. ते दहा टक्के घसरलं, की हॅलोजनचा उजेड जवळजवळ तीस टक्के घसरतो. त्याने जाड वायर ओढली, बॅटरीची वीज थेट बल्बला सोडणारे दोन रिले टाकले, आणि माझेच जुने बल्ब परत बसवले. सगळे मिळून नऊशे रुपये. फोकस समोरच्या भिंतीवर खडूची रेघ मारून सेट केला, त्याचे वेगळे घेतले नाहीत.

आता रस्ता दिसतो. पिवळट दिसतो, पण रस्ता म्हणून दिसतो.

दुकानदाराने किट परत घेतलं नाही. मेहुण्याला देऊ केलं, तर तो म्हणतो, “दाजी, आता झेनॉनचा जमाना गेला. एलईडी टाका.” खोकं मात्र बायकोने ठेवून घेतलंय. आत जाड स्पंज आहे आणि प्रत्येक वस्तूची खाच दोन-दोन. बल्बच्या खाचांत ज्येष्ठा-कनिष्ठेच्या नथी बसल्या, ब्लास्टच्या जागी दोघींच्या ठुशा.