फी भरा, पण कुणाची ते विचारू नका

काउंटरमागची मुलगी अतिशय गोड हसून म्हणाली, "त्या नावाची विद्यार्थिनी आमच्याकडे आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही."

त्या नावाच्या विद्यार्थिनीला मी थोड्या वेळापूर्वीच याच इमारतीच्या दारात सोडलं होतं. डबा विसरली म्हणून मागून हाकाही मारल्या होत्या.

आम्ही वॉशिंग्टन राज्यात राहतो, सिएटलच्या बाजूला. इथं अकरावी-बारावीची मुलं हायस्कूलमध्ये नाव ठेवून कम्युनिटी कॉलेजचे, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचे, वर्ग करू शकतात. योजनेचं नाव 'रनिंग स्टार्ट', कायदा 1990चा. इथं अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. पाच क्रेडिटचा एक कोर्स एका क्वार्टरमध्ये, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सत्रात, उरकला की हायस्कूलचं वर्षभराचं एक क्रेडिट मिळतं, आणि तेच पाच कॉलेजच्या खात्यावरही जमा होतात. ट्यूशन माफ. पुस्तकं, किरकोळ फिया आणि ने-आण आईबापांच्या माथी. नीट जमवलं तर नव्वद क्रेडिट्स होऊन बारावीबरोबरच असोसिएट डिग्री, म्हणजे दोन वर्षांची पदवी, हातात पडते. त्यामुळे आमच्याकडे गणपतीच्या आरतीला टाळ वाजवता वाजवताही शेजारची बाई विचारते, "तुमच्या हिची किती झाली?"

तर मी फी भरायला गेले होते. कसलीतरी फी राहिलीय, एवढंच लेक म्हणाली होती.

"भरता येईल ना," काउंटरवरची म्हणाली.

"किती आहे?"

"ते सांगता येणार नाही."

"मग भरू किती?"

तिनं खरोखर विचार केला. "तुम्हाला योग्य वाटेल तेवढी?"

देवळातल्या दानपेटीपुढंही मी इतकी गोंधळलेली नसते.

दोष त्या पोरीचा नाही. 1974चा एक केंद्रीय कायदा आहे, फर्पा. मूल शाळेत असेपर्यंत त्याच्या नोंदी बघायचा हक्क आईबापांचा. ते अठराचं झालं, किंवा कुठल्याही वयात कॉलेजात शिकायला लागलं, की कॉलेजातल्या नोंदींचा हक्क त्याचा. म्हणजे हायस्कूलच्या सहलीला जायला माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला माझी सही लागते. तीच चार चौक ओलांडून कॉलेजात आली की मी परकी बाई. करासाठी ती माझ्यावर अवलंबून आहे, हे दाखवलं तर कॉलेज मला सांगू शकतं. पण सांगायलाच हवं असं बंधन नाही. आमच्या कॉलेजला न सांगणं जास्त आवडतं.

एवढ्यात मागचे आजोबा खाकरले. सत्तरीचे असावेत. डोक्यावर मासे धरायला जाताना घालतात तसली टोपी, काखेत वही. साठीपुढच्यांना जागा उरली तर इथल्या सरकारी कॉलेजांत जवळजवळ फुकट बसता येतं, त्यातले.

"मॅम, तुमची मुलगी म्हणजे ती पिवळा भात आणणारी का?"

मी म्हटलं, हो.

"अहो, आम्ही इंग्लिश 101 ला शेजारी बसतो! फार हुशार पोरगी. गेल्या निबंधाला चौऱ्याण्णव मिळाले तिला. मला एक्क्याऐंशी."

काउंटरवरची मुलगी एकदम संगणकात शिरली. फर्पा कॉलेजला लागू, टोपीला नाही.

"आणि ती लॅबची फी ना? माझी नात तिच्याच केमिस्ट्रीच्या वर्गात आहे. बेचाळीस डॉलर."

मी बेचाळीस डॉलर काढून ठेवले. काउंटरवरचीनं ते घेतले आणि बरोबर की चूक, याबद्दल चेहऱ्यावर काहीही उमटू दिलं नाही. बाईला पुढंमागं हेरखात्यात नोकरी मिळेल.

"निबंध कशावर होता?" मी सहज विचारलं.

आजोबांनी मला जरा निरखून पाहिलं. "तुमच्यावर."

"माझ्यावर?"

"पाच पानं. आम्ही एकमेकांचं लिखाण तपासतो ना. गाडी चालवता चालवता तुम्ही जे बोलता, तो परिच्छेद मी वर्गात मोठ्यानं वाचला. लोक डोळे पुसत होते, हसून. फक्त तो दिवाळीच्या फराळाचा भाग लांबलाय, असं मी तिला सुचवलं. चकलीत गोष्ट अडकते."

"आणखी काय लिहिलंय?"

"ते तुम्ही तिलाच विचारलेलं बरं," आजोबा आवाज खाली आणून म्हणाले. "खासगी आहे."

आमच्या वेळी सोळाव्या वर्षी आम्हीही कॉलेजातच जायचो, भले त्याच्या आधी 'ज्युनिअर' लावलेलं असो. निकाल फळ्यावर डकवलेला असायचा. माझे अकरावीचे गणिताचे मार्क मला कळायच्या आधी समोरच्या काकूंना कळले, आणि त्यांनी ते कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता आईला सांगितले. ते काही बरं नव्हतं. पण निदान काकूंवर तरी बंदी असायला हवी होती ना! इथं आईवर आहे आणि टोपीवाल्यावर नाही.

खरं सांगू, मला मार्कांची हौस नाही. पण हे ग्रेड कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, कायमचे राहतात. सोळाव्या वर्षी एक क्वार्टर बिघडलं, प्रेमात पडलं, तापानं झोपलं, तरी पुढं अर्ज करताना ते दाखवावंच लागतं. बरं, कमावलेली क्रेडिट्स राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत बहुधा चालतात. खासगीवाले सरळ नाही म्हणू शकतात. एवढा जुगार खेळायला पोरगी मोठी आणि पत्ते बघायला आई लहान? हे कुणी ठरवलं?

यावर उपाय म्हणून एक फॉर्म आहे, आईला सांगायला हरकत नाही असा, लेकीच्या सहीचा. तो तिनं "नीट वाचून बघते" म्हणून ठेवून घेतलाय. या मुलीनं आजवर एकाही ॲपच्या अटी वाचलेल्या नाहीत.

बाहेर आले तर गाडीच्या काचेवर चिठ्ठी. परवाना नसताना विद्यार्थ्यांच्या जागेत गाडी लावल्याबद्दल दंड. त्यावर गाडीचा नंबर, रंग, वेळ आणि भरायची रक्कम स्वच्छ अक्षरांत छापलेली होती.