एका मताने जिंकला, पण कशावर?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल परत ते 'एका मताची किंमत' फॉरवर्ड आलं. त्यात १८३९ सालची अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या गव्हर्नरची निवडणूक: म्हणे मार्कस मॉर्टन एका मताने जिंकला. अहो, आकडे तरी बघा! मॉर्टनला ५१,०३४ आणि तेव्हाच्या गव्हर्नर एडवर्ड एव्हरेटला ५०,७२५. फरक ३०९ चा.

मग ते एक मत कुठलं? तिकडे तेव्हा नुसतं पुढे असून भागत नसे, एकूण मतांच्या निम्म्याहून जास्त मिळवावी लागत. एकूण पडली १,०२,०६६, त्याची निम्मी ५१,०३३. मॉर्टन त्याच्या वर बरोब्बर एकाने. ते एक दुसऱ्या कुणाला गेलं असतं तर निवड विधिमंडळाकडे, आणि तिथे बहुमत एव्हरेटच्या व्हिग पक्षाचं! इकडेतिकडे पडलेल्या ३०७ चिल्लर मतांनी मॉर्टनला घाम फोडला होता. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला 'नोटा'ला कितीही पडोत, निकाल ढिम्म हलत नाही. म्हणून मला तो नियम आवडतो.

मॉर्टन हा न्यायाधीश. १८२८ पासून दरवर्षी उभा राहायचा आणि पडायचा (हो, निवडणूक तेव्हा दरवर्षी असायची). या खेपेला त्याला तारलं दारूने. १८३८ च्या कायद्याने पंधरा गॅलनहून कमी दारू विकायला बंदी आली, आणि त्यावर सही एव्हरेटची. पंधरा गॅलन म्हणजे साधारण सत्तावन्न लिटर! ज्याच्याकडे पैसा आणि तळघर, त्याने पिंप आणून खुशाल प्यावी. रोजंदारीवाल्याला मात्र एक पेला मिळायची चोरी. ही दारूबंदी नव्हे, गरिबाबंदी. डेडॅम गावात एका पठ्ठ्याने डुकराच्या अंगावर पट्टे रंगवले आणि तिकीट लावलं. डुक्कर बघा, पेला फुकट. तेच डुक्कर लोक पुन्हा पुन्हा बघायला जात.

एव्हरेटच्या पक्षातले लोक निकालाला आव्हान द्या म्हणत होते. एका मताचा मामला, वाद घालायला भरपूर वाव होता. त्याने नकार दिला आणि खुर्ची सोडली. फॉरवर्डमध्ये खरं तर हे यायला हवं होतं. पुढे १८६३ मध्ये गेटिसबर्गला लिंकनच्या त्या प्रसिद्ध भाषणाआधी दोन तास बोलला, तो हाच.

१८४० मध्ये तो कायदा रद्द झाला आणि मॉर्टनही पडला. पुन्हा गव्हर्नर झाला १८४३ मध्ये. तेव्हा कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नव्हती, आणि त्याला निवडलं विधिमंडळाने.