पहिलीतल्या पोरांमुळे म्हणे संस्कार बिघडतात!

‘आरटीईची फुकटी मुलं आणि आपल्या मुलांचे संस्कार’ या मथळ्याचा मेसेज प्रवेशाच्या दिवसांत हमखास फिरतो. काल तो घरच्या ग्रुपवर आमच्या वहिनींनीच टाकला आणि खाली पटापट अंगठे उमटले. एरवी असलं काही मी वाचतही नाही.

मेसेजचं म्हणणं असं: शिक्षण हक्क कायद्यात (म्हणजेच आरटीईत) गरीब मुलांसाठी असलेल्या 25 टक्के राखीव जागांमुळे खासगी शाळांत शिवीगाळ शिरली, दर्जा घसरला, फी वाढली; आणि फुकट मिळालेल्याची त्यांना किंमतही नसते.

आधी संस्कार. सहा वर्षांचं पोर लॉटरीत नंबर लागून पहिलीत येतं आणि उरलेल्या 75 टक्क्यांना बिघडवतं? गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने दिल्लीतल्या महागड्या शाळांत नेमकं हेच तपासलं. तिथे 2007 पासून गरीब मुलांना जागा देणं अनेक शाळांना भाग पडलं, त्यामुळे गरीब वर्गमित्र लाभलेल्या आणि न लाभलेल्या इयत्तांची तुलना करता आली. सुखवस्तू मुलांना रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगितला. एकीकडे वेगाने धावणारा गरीब मुलगा, दुसरीकडे आपल्यातलाच पण हळू धावणारा. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती, त्यांनी गरीब मुलाला कमी वेळा डावललं. ही मुलं जास्त उदार आणि मदतीला पुढे होणारी निघाली. 2019 मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त हे सगळं छापून आलंय. याला कुसंस्कार म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आणि वहिनी, राग मानू नका, पण भाचीने वाढदिवसाला बोलवायच्या मुलांची यादी स्वतःच्या हाताने लिहिली होती. त्यातली दोन नावं पेनाने कोणी खोडली? ‘त्यांना आपल्याकडे अवघडल्यासारखं होईल’ हे तिला कोणी सांगितलं? गरीब मुलांच्या मनात न्यूनगंड असाच तयार होतो.

दर्जाचं म्हणाल, तर त्याच अभ्यासात सुखवस्तू मुलांचे इंग्रजीचे गुण किंचित घसरलेले दिसले. हिंदी आणि गणितात फरक नाही.

फीबाबत मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. सरकार या मुलांचे पैसे शाळांना वेळेवर देत नाही, थकबाकी वर्षानुवर्षं राहते. पण ती सरकारकडे मागायची की पहिलीतल्या पोराकडे? फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना या 25 टक्क्यांच्या अटीतून सूटच देऊन टाकली होती. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

राहता राहिलं ‘फुकट’. अंगठा देणाऱ्यांत आमचे काका पहिले. जिल्हा परिषदेची शाळा, मग सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज. काका, तेव्हा किती फी भरली होती?

इकडे पुस्तकं, गणवेश, गॅदरिंग यांचे पैसे आरटीईच्या पालकांकडूनही मागितले जातातच, आणि आठवीनंतर पूर्ण फी. त्यावर एखादा मेसेज आला तर तोही टाका ग्रुपवर.