सरकारांचं स्थळ आलंय, आता हट्ट पुरे

अभिनंदन! स्थळ मोठं आलंय. मोठं म्हणजे नुसतं फ्लॅट-गाडीवालं नव्हे. वाडा आहे, नावापुढे ‘राजे’ आहे आणि पत्रिकेच्या पाकिटावर सोनेरी राजमुद्रा असणार आहे. (ती हल्ली प्रेसवाला कुणालाही छापून देतो, पण ते असो.) घरात सगळे खूश आहेत. तुम्हीच तेवढ्या खिडकीशी तोंड एवढंसं करून बसलाय. ते आधी बंद करा. मोठ्या घरचं स्थळ पचवायचं एक शास्त्र आहे. त्यासाठी बडोद्याच्या इंदिराराजे गायकवाडांचा अभ्यास करावा आणि त्यांनी जे जे केलं ते ते टाळावं.

इंदिराराजे १८९२च्या. सयाजीराव महाराज आणि चिमणाबाईसाहेब यांची एकुलती एक लेक. अठराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचं ग्वाल्हेरला ठरलं. मुलगा माधवराव शिंदे सरकार. मुलाचं वय चौतीसच्या आसपास. (लग्नाच्या बोलणीत पुरुष साठीपर्यंत ‘मुलगा’च असतो.) मुलाला एक राणी होती. बिजवर म्हणावं तर तेही नाही, कारण बिजवराची पहिली गेलेली असते. इथे चिंकूराजे चांगल्या हयात होत्या. त्यांना मूल नव्हतं, तेवढंच त्यांचं चुकलं होतं.

असल्या बारीकसारीक गोष्टींवर अडून बसू नका, स्थळातलं चांगलं बघा. शिंदे सरकार माणूस म्हणून वाईट नव्हते. कामसू, शिस्तीचे आणि आगगाडीचे भलते वेडे. संस्थानात दोन फुटी रुळांची स्वतःची रेल्वे होतीच, शिवाय जयविलास महालात जेवणाच्या टेबलावरही रूळ टाकलेले होते. त्यावरून चांदीची छोटी गाडी फिरायची, डब्यांत ब्रँडी आणि सिगार. पाहुण्याने काचेची सुरई उचलली की गाडी आपोआप उभी राहायची, सुरई परत ठेवली की पुढच्या पाहुण्याकडे निघायची. आता तुम्हीच सांगा, ज्या घरची आगगाडीसुद्धा पाहुण्याचं मन ओळखून थांबते, तिथे सुनेला काय कमी पडणार? आता सून त्या टेबलाशी नसेल, ही गोष्ट वेगळी. ग्वाल्हेरला गोषा होता. सुनेने चिकाच्या पडद्याआडून चाकांचा आवाज ऐकायचा. ब्रँडी कुणापाशी अडकलीय हे आवाजावरून ओळखायला शिकलं की संध्याकाळ बरी जाते.

आईवडील सुधारक असतील तर मात्र तुमचं काम जरा अवघड आहे. सनातनी बापाशी निदान भांडता येतं. सुधारक बापाशी भांडायला तोंड उघडलं की सगळे मुद्दे त्यानेच आधी मांडून ठेवलेले असतात. सयाजीरावांनी १९०४ साली बालविवाह रोखणारा कायदा केला. मुलीला किमान बारा, मुलाला सोळा. १९०६ पासून संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा. आईसाहेब तर त्यांच्याही पुढे. हिंदी स्त्रियांच्या समाजातल्या स्थानाविषयी त्यांनी एका सहलेखकाबरोबर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो १९११ साली बाहेर आला. पुढे १९२७ साली पुण्याला अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली, तिच्या अध्यक्षही त्याच.

आणि त्याच १९११ साली लेकीला ग्वाल्हेरच्या गोषात धाडायची तयारी चालू होती. यात विसंगती शोधू नका. ग्रंथ स्त्रीजातीसाठी असतो, लेक घरची असते.

हे बडोद्यातच घडतं असंही नाही. आमच्या नात्यातले एक गृहस्थ आंतरजातीय लग्नांना हौसेने साक्षीदार म्हणून जायचे. हुंडाविरोधी भाषण तर तोंडपाठ. एके रात्री जेवणं झाल्यावर त्यांच्या मुलीने ऑफिसातल्या एका मुलाचं नाव सांगितलं. त्यांनी रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. दहा मिनिटं कांद्याच्या भावाची बातमी एकाग्रतेने ऐकली. मग आवाज कमी करून हळूच म्हणाले, “आपल्यात कुणीच नाही का गं?”

नावाचाही फार लोभ धरू नका. आईसाहेब माहेरच्या गजराबाई घाटगे, देवासच्या. १८८५ साली महाराजांच्या पहिल्या राणीसाहेब चिमणाबाई वारल्या, त्याच वर्षअखेर या लग्न होऊन आल्या, आणि यांचंही नाव चिमणाबाईच ठेवलं. केवढी सोय! नोकरमाणसांच्या जिभेचं वळणसुद्धा बदलावं लागलं नाही. ज्या घरात आई अशी मुकाट्याने दुसरीच्या नावात जाऊन बसली, त्या घरात मुलीने ‘माझं काय’ म्हणावं?

महाराजांचं उदाहरण काढू नका. नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ बाराव्या वर्षी बडोद्याला दत्तक गेला. ‘तू इथे कशाला आलास?’ असं विचारल्यावर तो ‘राज्य करायला’ म्हणाला, अशी गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. मुलगा असं बोलला की त्याला तेज म्हणतात. मुलगी बोलली की पाहुण्यांसमोर आईला हसून सारवासारव करावी लागते.

तर इतकं सगळं जुळून आलेलं असताना इंदिराराजेंनी पहिली चूक केली ती प्रवासाची. डिसेंबर १९११मध्ये दिल्लीला दरबार भरला. पंचम जॉर्ज बादशहा राणी मेरीसह येणार म्हणून यच्चयावत संस्थानिक तिथे तंबू ठोकून होते. राजवाड्याला देवड्या असतात, पहारे असतात. छावणीत नुसता शेजार असतो. तिथे बंगालकडच्या कूचबिहार संस्थानची मंडळीही होती, आणि त्यांत तिथल्या महाराजांचे धाकटे भाऊ जितेंद्र नारायण. पंचविशीचे, देखणे, ब्राह्म समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांच्या मुलीचे चिरंजीव.

संस्थानाचा मान इंग्रज सलामीच्या तोफांवरून ठरवायचे, तेव्हा स्थळाचा हिशेबही तोफांनी करावा. बडोद्याला सलामी एकवीस तोफांची, कूचबिहारला तेरा. आणि धाकट्या भावाला? एकही नाही. वर जात वेगळी, घराणं ब्राह्म समाजी, आणि पिण्याच्या बाबतीत घरातल्या पुरुषांचा लौकिक मोठा. कुठल्याही वधू-वर सूचक मंडळाने हा फॉर्म टेबलावरूनच परत केला असता.

पण लक्ष कोण ठेवणार? १२ डिसेंबरला सयाजीराव महाराज बादशहांपुढे गेले, एकदाच लवले आणि पाठ फिरवून चालू लागले, म्हणून विलायती वर्तमानपत्रांनी हलकल्लोळ केला. दागिनेही पुरते घातले नव्हते म्हणे. शेवटी व्हाइसरॉयना खुलाशाचं पत्र पाठवावं लागलं. अख्खं घर बापाच्या पाठीची चिंता करत असताना लेक कुणाकडे बघतेय हे बघायला कुणाला सवड नव्हती.

दुसरी चूक पत्राची. मुलीने लग्नाबाबत काही लिहायचं असेल तर उखाणा लिहावा. इंदिराराजेंनी आईवडिलांना न विचारता थेट शिंदे सरकारांना कळवलं की हे लग्न मला करायचं नाही. कुणामार्फत नाही, मामांकडून नाही, ‘पत्रिकेत जरा दोष निघालाय’ असा मोघम निरोप नाही. मग बडोद्याला एका ओळीची तार आली: राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय?

ती ओळ डोळ्यांपुढे आणा. राजवाड्यात तारेचा कागद आलाय आणि कोणतं पत्र, कधीचं पत्र, हेच कुणाला ठाऊक नाही. लिहिणारी वर आपल्या खोलीत. हल्ली मुली निदान पाठवलेला मेसेज पुसून टाकतात आणि ‘चुकून गेला’ म्हणतात.

बरं, शिंदे सरकारांनी थयथयाट करावा, तर तोही नाही. त्यांनी महाराजांना समजूतदार पत्र लिहिलं आणि खाली सही केली, ‘तुमचा मुलगा’. हे फार वाईट. नकार दिलेला माणूस दुष्ट निघाला की नकार शोभतो. तो सज्जन निघाला की सगळं गाव त्याच्या बाजूने उभं राहतं आणि तुम्हाला विचारतं, ‘अगं, मग त्याच्यात खोट तरी काय होती?’ याला उत्तर नसतं. खोट काहीच नव्हती. चांदीची गाडीसुद्धा वेळेवर धावत होती.

ग्वाल्हेरचं अर्थात काही अडलं नाही. गोव्याच्या राणे घराण्यातल्या गजराराजे तिथे लग्न होऊन आल्या. यथावकाश मुलंही झाली. बादशहा आणि बादशाहीणबाईंच्या मानार्थ एकाचं नाव जॉर्ज जिवाजीराव, दुसरीचं मेरी कमलाराजे. पाळण्यात घालून ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणताना बायकांनी जॉर्ज कसा घेतला असेल, हा माझ्या मनातला जुना प्रश्न आहे. इंदिराराजे या एवढ्या भाग्याला मुकल्या.

त्यांचं काय झालं? जितेंद्रला भेटायची बंदी. पत्रं चोरून. अखेर १९१३ साली लंडनमध्ये ब्राह्म पद्धतीने लग्न, आणि माहेरचं एकही माणूस हजर नाही. ज्या बापाच्या पदरी हत्ती होते, त्याच्या लेकीच्या लग्नात अक्षता टाकायला मामा नाही. पाहा आणि घाबरा. लग्नानंतर लवकरच थोरले दीर वारले आणि तोफा नसलेला धाकटा महाराजा झाला. म्हणजे फिरून शेवटी राणीच व्हायचं होतं, तर सरळ ग्वाल्हेरला उतरायला काय झालं होतं?

१९२२ साली जितेंद्रही गेले, छत्तिसाव्या वाढदिवशी. इंदिराराजे तिशीच्या, पदरी पाच मुलं. इथे प्रत्येक आत्याबाईला ‘म्हणत नव्हते मी?’ म्हणायची जागा आहे. ती त्यांनी अवश्य घ्यावी, पण घाईने, कारण बाई पुढे आत्याबाईंच्या सोयीने वागल्या नाहीत. मुलगा अज्ञान म्हणून कूचबिहारचा कारभार त्यांनीच पाहिला. विधवेने पांढरं नेसायचं, तर नेसल्या पांढरंच, पण फ्रान्सहून मागवलेलं शिफॉन, आणि ते बघून हिंदुस्थानभरच्या राण्या शिफॉन नेसायला लागल्या. फेरागामो या इटालियन बूटवाल्याकडून सँडल करवून घेतले, त्यावर जडवायला हिरे-मोती घरचे. ग्वाल्हेरला गेल्या असत्या तर पायात काय आहे हे गोष्याबाहेर कुणाला कळलं असतं?

आता शेवटचा सल्ला, तो तुमच्यासाठी नाही, तुमच्या आईसाठी. इंदिराराजेंची लेक गायत्रीदेवी जयपूरच्या सवाई मानसिंहांच्या प्रेमात पडली. जयपूरला एक सोडून दोन राण्या आधीच नांदत होत्या. आता इंदिराराजे आईच्या खुर्चीत होत्या. अजून लहान आहेस म्हणून झालं, थांब म्हणून झालं, दोन सवतींच्या घरात जाऊन करणार काय, हेही झालं. पोरगी थांबली. १९४० साली तिसरी राणी होऊन जयपूरला गेली.

आईवर गेली होती.