जोखमीची जाणीव मोजायला या, पण पाण्याच्या वेळेला

पर्यावरणाच्या धोक्याबद्दल लोकांना काय वाटतं, यावर संशोधन करायचंय? मग सकाळी सव्वासहाला गोवंडीत या. नळाला पाणी असतं, सगळे घरात सापडतात. परवा एक मुलगा असाच आला. मी नळापाशी, तो उंबऱ्यात. "ताई, आपल्या परिसरातील पर्यावरणीय जोखमीची तीव्रता १ ते ५ मध्ये सांगा." तेवढ्यात मी आत सासूबाईंना ओरडून सांगितलं, "तीन झाले!" हंडे हो. त्याने ३ वर खूण केली, धन्यवाद म्हणाला आणि शेजारी गेला.

प्रश्नावलीत 'धूर' लिहू नका, कळेल.

कुणी "सवय झाली" म्हणालं की 'जागरूकतेचा अभाव' लिहून मोकळे व्हा.

थोडा सिद्धांतही हवा. अमेरिकन अभियंते चॉन्सी स्टार यांनी १९६९ मध्ये मांडलं, की माणूस लादलेल्या धोक्यापेक्षा स्वतःहून पत्करलेला धोका सुमारे हजारपट जास्त चालवून घेतो. आता देवनारच्या डंपिंगशेजारी राहणं कुठल्या रकान्यात घालाल? अर्थात स्वतःहून! मलबार हिलचा फ्लॅट नको म्हणूनच तर आम्ही इथे आलो. पुढे मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी दाखवलं, की अनोळखी धोक्याची माणसाला जास्त धास्ती वाटते. आमचा तर चांगला ओळखीचा. १९२७ पासून कचरा पडतोय तिथे, माझ्या सासऱ्यांच्याही आधीपासून. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला, तेव्हा धूर नासाच्या उपग्रहाला वरून दिसला. शाळा बंद ठेवाव्या लागल्या. खिडक्यांना ओली चादर लावून आम्ही बसलो होतो, लेकीचा पंप उशाशी. उपग्रहाने कुणाला विचारलं नाही, "तुम्हाला धूर वाटतो का?" म्हणून. तुम्हाला मात्र दहा वर्षांनीही आमच्या वाटण्याचीच पडलीय!

आणि निष्कर्ष आधीच छापून ठेवा: 'जनजागृती आवश्यक.' पथनाट्य बसवा, आम्ही टाळ्या वाजवू.

अरे, कसली जागृती? रात्री दोनला पोर खोकत उठतं तेव्हा अख्खी चाळ जागीच असते. आम्हाला धोका कळतो, दुसरीकडचं डिपॉझिट परवडत नाही. हे विचारलंस? औषधाला महिन्याला किती जातात, तक्रार कुठे केली, पुढे काय झालं, यातलं एक तरी तुझ्या कागदावर होतं? याआधी दोनदा येऊन गेलात तुम्ही लोक. त्या उत्तरांचं काय केलंत, ते सांगायला कुणी फिरकलं नाही. पुढच्या खेपेला आधी ते घेऊन या.

आणि ते ३ खोड. हंडे होते ते.