सोयऱ्याचं पोतं आणि आयोवाचा शेजारी

मे उजाडला की गावाकडच्या चर्चेत एक वाक्य हमखास येतं: आपला शेतकरी कृषी विद्यापीठाचं ऐकत नाही, पाहुणा सांगेल तो वाण पेरतो, म्हणून मागे राहतो. बोलणारे बहुतेक पगारदार, पुण्यात बसलेले. मी तर त्यांच्याहून लांब, अमेरिकेतल्या आयोवात. तरी डोकं सणकतं.

कारण इथेही असंच झालं. संकरित मका आयोवात 1928 च्या सुमारास आला. रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी दोन गावांतल्या 259 शेतकऱ्यांना विचारून 1943 साली निष्कर्ष छापले. 1941 पर्यंत दोघे सोडून सगळे या मक्यावर आले होते. बातमी बहुतेकांना बियाणं विकणाऱ्याकडून कळली, पटली मात्र शेजाऱ्याचं रान बघून. सुरुवातही थोड्याशा तुकड्यावर. तेरा वर्षं लागली, पण त्यांना अडाणी म्हणायला कुणी जात नाही.

आता आपलं सोयाबीन. ते स्वपरागित, म्हणजे फूल स्वतःच्याच परागाने फळतं आणि घरच्या बियाण्यातही वाण तोच राहतो. त्यामुळे मामाकडचं पोतं आलं की वाण आला. अडचण अशी की पोत्याबरोबर माहिती अर्धीच येते. फुले संगम घ्या. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राचा हा वाण, टपोऱ्या दाण्याचा, शंभरावर दिवस घेणारा. भारी रानात अंतर राखून टोकला, म्हणजे हाताने एकेक बी लावलं, तर झाड पसरतं. फोनवर येतो तो शेंगांनी लगडलेल्या झाडाचा फोटो. रान कसलं, अंतर किती, हे येत नाही. मग मुरमाड रानात पाभरीने जुन्या वाणासारखा दाट पेरतात. सप्टेंबरात पाऊस ओढ देतो तेव्हा दाणा भरत असतो. बारीक दाणा पदरात पडला की वाण खोटा! त्या रानाला नव्वद-पंचाण्णव दिवसांचा जेएस 9305 बरा.

म्हणून पाहुण्याला विचारायचं ते हे: रान कसं, टोकण की पाभर, प्रमाणित बियाणं आणून किती वर्षं झाली, मळणीयंत्राचे फेरे किती ठेवले? मिनिटाला चारशेच्या वर गेले की सोयाबीनचं पातळ साल तडकतं, आणि ते वरून दिसत नाही. घरी आणल्यावर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवड्याने मोजावेत. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो, पासष्ट उगवले तर बत्तीस-तेहतीस, साठच्या खाली असेल तर तेलाच्या गिरणीला घालावं. 2019 च्या काढणीत पाऊस लागला आणि 2020 ला उगवण न झाल्याच्या हजारो तक्रारी आल्या. त्यात सोयऱ्यांचा काय दोष?

इथे शेजाऱ्याच्या बांधावर वाणाच्या पाट्या असतात, कापणी-मळणीच्या कंबाइनमध्ये कुठल्या तुकड्यात किती पीक आलं याचा नकाशा निघतो. पण पेटंटचं सोयाबीन घरी राखून पेरता येत नाही. इंडियाना राज्याचा एक शेतकरी त्यापायी 2013 साली इथल्या सुप्रीम कोर्टात हरला. आपल्या 2001 च्या कायद्याने बियाणं राखायचा, देण्याघेण्याचा, ब्रँड न लावता विकायचाही हक्क दिलाय. हे इथल्यांना सांगताना छाती जरा फुगतेच.

सोयऱ्यांच्या या जाळ्याबाहेर राहतो तो बटईदार, दुसऱ्याचं रान वाट्याने कसणारा. बागायती गावात तो बाहेरून आलेला, तिथे त्याचा पाहुणा नसतो, शेतकरी गटाच्या बैठकीला त्याला कुणी बोलावत नाही. आणि रान बटईने देऊन परदेशी बसलेले आम्ही त्याचे पाहुणेही नाही आणि शेजारीही नाही. आम्ही पाठवलेलं विद्यापीठाचं पत्रक त्याला मालकाचा हुकूम वाटतं. तो मान डोलावतो, सांगितलेला वाण पेरतो. आणि उगवण फसली की दुबार पेरणीच्या बियाण्याचा निम्मा खर्च त्याच्याच हिशेबात पडतो.