‘जागा त्यांची, पैसा त्यांचा, मग नगर परिषद मध्ये का?’

बिझनेस पार्कचा, म्हणजे एकाच आवारात अनेक कंपन्यांची ऑफिसं असलेल्या संकुलाचा, आराखडा नगर परिषदेपुढे तपासणीला आला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: जागा कंपनीची, पैसा कंपनीचा, तरी नगरसेवक महिनोन्महिने नकाशे चाळत बसतात, तोवर हजारो नोकऱ्या आणि मोठा कर हातचा जातो, अटी घातल्या की कंपन्या पळतात, आधी बांधू द्या, रस्ते-गटारांचं नंतर बघू. मला तो पाठवणारी माणसं समंजस आहेत, म्हणून एकेक मुद्दा नीट घेते.

‘जागा कंपनीची.’ मान्य. पण त्या जागेवर पडलेला पाऊस कुंपणाशी थांबत नाही. समजा, 10 हेक्टरचा मोकळा भूखंड आहे आणि तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे 50 लाख लिटर पाणी. आज त्यातलं बरंचसं मातीत मुरतं, उरलेलं सावकाश ओढ्याला मिळतं. उद्या 80 टक्के जमिनीवर छपरं, डांबर आणि काँक्रीट आलं की तेवढ्या भागावरचं जवळजवळ सगळं, म्हणजे 40 लाख लिटरच्या आसपास, लगेच वाहू लागेल. जाणार कुठे? उताराच्या घरांकडे. म्हणूनच साठवण तळं कुठे आहे, किती खोल आहे, ते भरल्यावर पाणी कुठल्या नाल्यात आणि किती वेगाने सोडणार, हे विचारावं लागतं. त्या घरांच्या वतीने हे विचारणारं बैठकीत दुसरं कोणीच नसतं.

‘रस्त्यांचं नंतर बघू.’ हे वाक्य मला सगळ्यात धोकादायक वाटतं. सिग्नल सलग हिरवा असेल तर एका लेनमधून तासाला साधारण 1,800 गाड्या सुटतात. चौकात हिरवा दिवा आपल्या वाट्याला एक तृतीयांश वेळ आला, तर उरल्या 600. आता सकाळी नऊ ते दहा या एका तासात 2,000 गाड्या पार्कात शिरणार असतील, तर निव्वळ आत जायलाच तीनपेक्षा जास्त लेन हव्यात. नसतील तर रांग मागच्या चौकापर्यंत जाते, आणि त्या रांगेत शाळेची बसही असते, रुग्णवाहिकाही. नकाशावर प्रवेशद्वार 80 मीटर सरकवायला एक दिवस पुरतो. इमारत उभी राहिल्यावर ते सरकत नाही, आणि रस्ता रुंद करायचा तर समोरच्यांची जमीन घ्यावी लागते, तीही लोकांच्या पैशातून.

‘हजारो नोकऱ्या.’ आकडा कुठून आला ते पाहा. अनेकदा बांधकामाच्या क्षेत्रफळाला माणशी जागेने भागलेलं असतं: 50,000 चौरस मीटर भागिले 10, म्हणजे 5,000. ही झाली खुर्च्यांची संख्या. त्यातल्या काही भरतील, काहींवर त्याच शहरातल्या जुन्या ऑफिसातून उठून आलेली माणसं बसतील. 2020 नंतर घरून काम रुळलं आणि कितीतरी शहरांत ऑफिसं रिकामी पडली. नोकऱ्या मलाही हव्यात. त्यासाठीच बांधकामाचे टप्पे पाडायला सांगणं योग्य आहे: पहिल्या टप्प्याला भाडेकरू मिळाले की दुसरा.

कराबद्दल एवढंच म्हणेन की जमेच्या बाजूशेजारी खर्चही लिहा: नवा पंप, मोठी मलवाहिनी, अग्निशमनाची वाढीव सोय.

‘अटी घातल्या की कंपन्या पळतात.’ बिझनेस पार्क या कल्पनेच्या उगमाशीच याचं उत्तर आहे. 1951 साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जमिनीवर औद्योगिक पार्क सुरू झालं. इमारत रस्त्यापासून किती मागे हवी, हिरवळ किती राखायची, यावर तिथे कडक बंधनं होती. तरी व्हेरियन आली, ह्यूलेट-पॅकार्ड आली, दोन्ही नावाजलेल्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्या.

उशिराची तक्रार मात्र काही अंशी खरी आहे, आणि ती झटकून टाकू नये. दर बैठकीत नवी शंका काढणं हा विकासकावर अन्याय आहे. सगळ्या हरकती पहिल्याच पत्रात द्याव्यात, उत्तराला मुदत असावी, फेरतपासणी बदललेल्या पानांचीच व्हावी. पण उशीर कोणामुळे झाला हे ठरवण्याआधी फाइलवरच्या दोन तारखा वाचा: शंका कधी पाठवली आणि उत्तर कधी आलं.